कॉफी, कॅफीन आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉफी पिणाऱ्याला आपल्या सवयीचं एक तर फार कौतुक असतं, नाहीतर उगाचच अपराधी वाटत असतं. खालचे निम्मेअधिक प्रश्न या दोनपैकी एका मनःस्थितीतून आलेले आहेत. उत्तरांत एक आग्रह सतत दिसेल: दिवसात किती कप झाले हे मोजाच, पण त्याआधी शेवटचा कप किती वाजता झाला ते बघा. गरोदरपण, हृदयाची तक्रार किंवा रोजची औषधं असतील तर इथलं वाचून काही ठरवू नका, डॉक्टरांशी बोला.

कॉफीने तरतरी येते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

आपण जितका वेळ जागे असतो तितका वेळ मेंदूत ॲडेनोसीन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मज्जापेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की डोळे जड व्हायला लागतात. कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसीनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच जागांवर बसतं, मात्र झोपेचा निरोप पुढे देत नाही. बसच्या सीटवर रुमाल टाकून कुणी जागा अडवावी, तसा हा प्रकार. ॲडेनोसीन ताटकळत उभं राहतं आणि आपल्याला वाटतं, थकवा गेला.

तो गेलेला नसतो. कॅफीन ओसरलं की उभे असलेले सगळे एकदम बसून घेतात आणि दुपारी तीनच्या सुमाराला माणूस खुर्चीतच पेंगायला लागतो. म्हणून कॉफीने ताकद येते असं म्हणणं फारसं बरोबर नाही. थकव्याची जाणीव तेवढी काही तास लांबणीवर पडते, आणि कित्येकदा आपल्याला तेवढंच हवं असतं.

कॅफीन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १८१९ साली, फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. त्यासाठी कॉफीच्या बिया त्याला दिल्या होत्या महाकवी गटे यांनी. ते मेंदूत काय करतं हे उमगायला मात्र पुढे दीडशेच्या वर वर्षं गेली.

झाडाला कॅफीनचा काय उपयोग?

मुख्यतः किडीला पळवून लावायला. गंमत अशी की कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतल्या मधुरसातही ते अगदी किंचित असतं, आणि तेवढ्या मात्रेने मधमाश्यांना त्या फुलांचा वास जास्त काळ लक्षात राहतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. गिऱ्हाईक टिकवण्याची ही युक्ती माणसाच्या कितीतरी आधीची.

चहातलं कॅफीन वेगळं असतं का? चहाने एवढं धडधडत नाही.

रेणू तोच. एकोणिसाव्या शतकात काही काळ चहातलं द्रव्य निराळं मानलं जायचं, १८३८ मध्ये दोन्ही एकच असल्याचं सिद्ध झालं. फरक मुख्यतः मात्रेचा आहे. शिवाय चहात थिॲनीन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे त्याचा परिणाम काहीसा सौम्य वाटत असावा.

माझ्या कपात किती कॅफीन आहे हे कसं कळणार?

अंदाजच करता येतो, पण तो बरा करता येतो. २४० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ६०च्या आसपास, काळ्या चहात ४५ ते ५०. एस्प्रेसोच्या ३० मिलिलिटरच्या एका शॉटमध्ये साधारण ६३. कोलाच्या ३५५ मिलिलिटरच्या डब्यात ३५च्या आसपास. २५० मिलिलिटर एनर्जी ड्रिंकमध्ये बहुधा ८०.

आता एक काम करा. तुमचा रोजचा मग पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी मापाच्या भांड्यात ओता. ‘मी दिवसाला दोनच कप पितो’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या मगात साडेतीनशे मिलिलिटर निघतं. म्हणजे हिशेबाने ते तीन कप झाले. तीच गोष्ट पुडीची. चमचा सपाट की शिगोशीग, यावर मात्रा दीडपट होऊ शकते.

बियांच्या जातीनेही फरक पडतो: रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं. भाजणीने मात्र फारसं काही बदलत नाही. काळीकुट्ट, कडू कॉफी ‘स्ट्राँग’ लागते, पण तो कडवटपणा मुख्यतः भाजण्याचा. जिभेवरून कॅफीन मोजता येत नाही.

दिवसाला किती चालतं?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली दिलेला आकडा बहुतेक ठिकाणी वापरला जातो: निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत, एका वेळी २०० पर्यंत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दिवसभराचे मिळून २००. यात चहा, कोला, चॉकलेट सगळं धरायचं.

ही वरची मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. कुणाचे १५० मिलिग्रॅमलाच हात थरथरतात. अशा माणसाला ‘अरे, चारशे चालतात’ म्हणून आणखी एक कप पुढे करणं हा निव्वळ अडाणीपणा.

शेवटचा कप किती वाजता घ्यावा?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

प्यायल्यापासून पाऊण तासात जवळजवळ सगळं कॅफीन रक्तात उतरतं. बाहेर पडायला मात्र ते वेळ लावतं. निरोगी प्रौढात त्यातलं निम्मं निघून जायला सरासरी पाच तास लागतात. कुणाला दीड तास, कुणाला नऊच्या वर. सरासरी माणूस धरा. दुपारी चार वाजता १०० मिलिग्रॅमचा कप घेतला, तर रात्री नऊला ५० उरतात आणि रात्री दोनला २५. कुणी मध्यरात्री उठवून अर्धा कप चहा पाजला तर आपण चिडू. इथे तेच काम आपण स्वतः दुपारी चारला करून ठेवतो आणि चिडत मात्र नाही.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं. यंत्राच्या नोंदीनुसार त्यांची झोप तासाभराहून जास्त घटली. त्यातही बोचणारी गोष्ट ही की त्यांना स्वतःला ते तितकंसं जाणवलं नव्हतं. ४०० ही मोठी मात्रा आहे, मान्य. पण ‘मला काही फरक पडत नाही’ हे वाक्य ऐकलं की मला हा प्रयोग आठवतो.

तेव्हा झोपायच्या वेळेपासून आठ तास मागे मोजा आणि तिथे रेघ मारा. अकराला झोपत असाल तर दुपारी तीन. दिवसाला चार कप पिऊन तीनच्या आत थांबणारा माणूस, एकच कप पण संध्याकाळी सातला पिणाऱ्यापेक्षा बऱ्याचदा चांगला झोपतो.

मी तर रात्री जेवण झाल्यावर कॉफी घेतो आणि आडवा होताच घोरतो. मला लागूच होत नाही ना?

शक्य आहे. कॅफीन मोडायचं काम यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं विकर करतं आणि त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो, काहीसा आनुवंशिक. पण लवकर झोप लागणं आणि गाढ झोप होणं या दोन गोष्टी आहेत. दिवसभर दमलेला माणूस कॅफीन असूनही झोपतो, फक्त त्याच्या झोपेतला खोल भाग कमी होऊ शकतो. दोन आठवडे रात्रीचा कप बंद ठेवा आणि सकाळी उठताना कसं वाटतं ते बघा. काहीच फरक नसेल, तर बिनधास्त प्या, घोरा.

वेग आयुष्यभर एकसारखाही राहत नाही. धूम्रपानाने कॅफीन लवकर मोडतं. म्हणून सिगारेट सोडणाऱ्याने कॉफी तेवढीच ठेवली तर रक्तातलं कॅफीन वाढतं, आणि येणारी धडधड, चिडचिड तो सगळी सिगारेटच्या नावावर टाकतो. सिगारेट सोडताना कॉफीही निम्म्यावर आणा, हे सांगायला लोक विसरतात. उलट, गर्भनिरोधक गोळ्यांनी हा वेग मंदावतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर निम्मं कॅफीन जायला पंधरा तासही लागू शकतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही औषधंही वाट अडवून धरतात.

सुट्टीच्या दिवशीच डोकं का ठणकतं?

कारण सुट्टीला तुम्ही उशिरा उठता. कॅफीन मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. रोजच्या वेळेला ते मिळालं नाही की त्या रुंदावतात आणि डोकं दुखायला लागतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत हे सुरू होतं, एक-दोन दिवसांत जोर धरतं आणि दोनपासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतं. सोबत सुस्ती, चिडचिड, कशात लक्ष न लागणं. कुणाकुणाला मळमळतंही. उपवासाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या दिवशी उठणारी डोकेदुखी बऱ्याचदा हीच असते, तेव्हा किती कॉफी पिता ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा.

काही वेदनाशामक गोळ्यांत कॅफीन मुद्दाम घातलेलं असतं. त्याने गोळीचा परिणाम वाढतो, शिवाय तुटलेली तल्लफही परस्पर भागते. मग वाटतं, काय जालीम गोळी आहे.

म्हणजे हे व्यसनच झालं की.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत कॅफीन तुटल्यावर होणाऱ्या त्रासाला अधिकृत निदानाचा दर्जा आहे. कॅफीनच्या ‘व्यसनाला’ मात्र तिथे पूर्ण मान्यता नाही. तो विषय पुढच्या अभ्यासासाठी राखून ठेवला आहे. ही विभागणी मला पटते. सोडल्यावर डोकं दुखतं याचा अर्थ शरीराला सवय झाली आहे, एवढाच. व्यसन म्हणायचं तर त्यापायी नुकसान होत असूनही थांबता येत नाही, अशी स्थिती हवी. छातीत धडधडतं, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय, तरी लपून पितो, असं असेल तर शब्दांचा काथ्याकूट करत न बसता मदत घ्या.

बाकीच्यांनी स्वतःला ‘ॲडिक्ट’ म्हणवून घेणं थांबवावं. त्या शब्दाने खरोखर भरडले गेलेले लोक आजूबाजूला असतात.

‘कॉफी होईपर्यंत माझ्याशी बोलू नका’ असं म्हणणाऱ्या घरच्या माणसाचं काय करायचं?

आधी समजून घ्या. रात्रभर कॅफीन तुटलेलं असतं, त्यामुळे सकाळची ती चिडचिड थोडी खरीच असते. पहिल्या कपाने येणाऱ्या आनंदातही बराचसा भाग हा त्रास थांबल्याचा असतो. पण ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. विकत घेतलेल्या मगवर छापलेलं वाक्य म्हणजे घरातल्यांवर खेकसायचा परवाना नव्हे. हाच माणूस वरिष्ठांचा सकाळी सातला फोन आला की कॉफीविना किती गोड बोलतो, ते एकदा कान देऊन ऐका.

कॉफीला स्वतःची ओळख बनवण्यात एक धोका असतो. ज्या दिवशी ती कमी करायची वेळ येते, त्या दिवशी पेयाबरोबर स्वतःची प्रतिमाही सोडावी लागते, आणि तेच जास्त जड जातं.

दूध-साखर घालणारे खरे कॉफीवाले नाहीत असं ऐकून घ्यावं लागतं.

ऐकून सोडून द्या. दुधाने कॅफीन कमी होत नाही, वाढत नाही, फक्त कडवटपणा मवाळ होतो. साखरेचा हिशेब वेगळा: दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम, गुणिले कप. प्रकृतीला खुपलं तर ते खुपेल. चवीच्या शुद्धतेचे पहारेकरी काय म्हणतात त्याला फार किंमत देऊ नका. वजनकाटा, थर्मामीटर आणि ‘जास्मिनची छटा येते’ हे सगळं मजेचं आहे, मलाही त्यात रस आहे. पण त्या छटेवरून समोरच्याची पायरी ठरवणं हा छंद राहत नाही.

मी कॉफी सोडली आणि आयुष्य बदललं. सगळ्यांनी सोडावी ना?

तुमची झोप सुधारली, हे खरंच असेल. तुम्हाला कॅफीन बाधत होतं, एवढं त्यावरून कळलं. शेजारच्याला त्याच्या दोन कपांनी काहीही होत नसेल. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह आणि यकृताचे काही आजार कमी दिसतात, असं मोठ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. अर्थात या पाहण्यांवरून कॉफीमुळेच तसं झालं असं ठरत नाही, म्हणून न पिणाऱ्याने औषध म्हणून सुरू करायचंही कारण नाही.

कमी करायची आहे, पण डोकेदुखी नको. कशी करू?

एका झटक्यात तोडू नका. दिवसातला सगळ्यात शेवटचा कप आधी काढा, सकाळचा सगळ्यात शेवटी. चारऐवजी तीन, मग आठवडाभर तिथेच थांबा.

उरलेल्या कपांसाठी डिकॅफची, म्हणजे कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीची, पूड आणून नेहमीच्या पुडीत मिसळा. सुरुवातीला चार चमच्यांत एक डिकॅफ, चार-पाच दिवसांनी दोन, मग तीन. वास तोच, मग तोच, करायची पद्धतही तीच. पुडीवर गरम पाणी पडल्यावर ती फुगते, वर तपकिरी फेस धरतो आणि खालून पहिला थेंब टपकतो, ती दोन मिनिटं तुमच्याकडून कुणी काढून घेत नाही. पुष्कळांना हवा असतो तो हा विराम. काम थांबवून उठायला कारण लागतं आणि ‘कॉफी घेऊन येतो’ म्हटलं की कुणी प्रश्न विचारत नाही. ‘जरा नुसता उभा राहून येतो’ म्हणून बघा.

पण डिकॅफमध्ये मजा काय?

चवीची. आणि ती पूर्ण कॅफीनमुक्त नसते, कपात दोन ते पंधरा मिलिग्रॅम राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग रोझेलियुस या जर्मन व्यापाऱ्याने ती बाजारात आणली तेव्हा कॅफीन काढायला बेंझीन वापरत. आज ते वापरत नाहीत. पाणी, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड किंवा इतर विद्रावक वापरतात.

उठल्यावर दीड तास कॉफी घेऊ नये म्हणतात.

या नियमामागे भक्कम पुरावा नाही. थांबून बरं वाटत असेल तर थांबा.

रिकाम्या पोटी चालते का?

पोटातलं आम्ल ती वाढवते, डिकॅफसुद्धा. बऱ्याच जणांना काही होत नाही. छातीत जळजळ होत असेल तर खाऊन घ्या, नाहीतर प्रमाण कमी करा.

पहिल्या घोटाबरोबर पळावं लागतं. हे मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. १९९० मधल्या एका लहानशा प्रयोगात काही जणांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची हालचाल कॉफीनंतर चारच मिनिटांत वाढलेली दिसली. डिकॅफनेही ती वाढली, नुसत्या गरम पाण्याने नाही. म्हणजे दोष कॅफीनचा एकट्याचा नाही. सगळ्यांना हे होत नाही. ज्यांना होतं त्यांनी प्रवासाच्या सकाळी काय करायचं ते अनुभवाने ठरवलेलं असतंच.

कॉफीने अंगातलं पाणी कमी होतं ना?

रोज पिणाऱ्याला कॉफीतून मिळणारं पाणी लघवीवाटे जाणाऱ्या जास्तीच्या पाण्यापेक्षा बरंच जास्त असतं. दिवसाच्या पाण्यात कॉफी धरली तरी चालते.

हिमोग्लोबिन कमी आहे. कॉफी बंद करू?

बंद नको, वेळ बदला. जेवणाबरोबर घेतलेली कॉफी अन्नातल्या लोहाचं शोषण बरंच घटवते, चहा त्याहून जास्त. जेवणाच्या तासभर आधी घेतली तर हा अडथळा दिसत नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तरी तो राहतो, असं एका जुन्या प्रयोगात आढळलं. म्हणून लोह कमी असलेल्यांनी कॉफी जेवणाआधी उरकावी किंवा नंतर चांगली दोन तास लांबवावी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफी अर्ध्या ते एक तासाने.

कोलेस्टेरॉल वाढतं का?

कशी करता त्यावर आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल ही द्रव्यं असतात. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी फिल्टरमध्ये ती बहुतेक अडकून राहतात. उकळून न गाळता प्यायलेल्या किंवा धातूच्या जाळीने दाबून काढलेल्या कॉफीत ती राहतात. रिपोर्ट वाईट आला असेल तर कॉफी सोडण्याआधी फिल्टर बदलून बघा.

आणि कर्करोग?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीत टाकलं होतं, २०१६ मध्ये काढलं. त्याच वेळी ६५ अंशांपेक्षा जास्त तापलेली पेयं, कुठलीही, अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात असं सांगितलं. वाफाळती ओठाला लावायची घाई नको.

कॉफी पिऊन लगेच डुलकी काढायची, हे खरंच चालतं?

चालतं. कॅफीन लागू व्हायला वीसेक मिनिटं जातात, तेवढ्यात डुलकी होते आणि थोडं ॲडेनोसीनही निवळतं. कप पटकन संपवायचा, गजर वीस मिनिटांचा लावायचा. रात्री लांबवर गाडी हाकताना हे कामी येतं, पण गाडी बाजूला घेऊन.

कॅफीनची शुद्ध पावडर मिळते. स्वस्त पडेल?

हात लावू नका. कॉफीने जीव जाईल इतकी ती पिता येत नाही, पण दहा ग्रॅम कॅफीन प्राणघातक ठरू शकतं आणि पावडरीचे ते जेमतेम दोन-तीन चमचे. घरच्या चमच्याने ती सुरक्षितपणे मोजता येत नाही.

व्यायामाआधी घेतली तर खेळाडूंना ते उत्तेजक धरतात का?

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ पासून कॅफीन बंदी घातलेल्या यादीतून काढलं आहे, त्याच्या वापरावर लक्ष मात्र ठेवलं जातं. दमसासाच्या खेळांत त्याचा उपयोग होतो. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नका, पोट बिघडलं तर सगळंच गेलं.

गार झालेली कॉफी पुन्हा गरम करावी का?

अपाय नाही. कॅफीन तेवढंच राहतं. वास उडून गेलेला असतो आणि आंबट-कडू चव पुढे येते. ती न आवडणाऱ्यांनी थर्मास वापरावा किंवा निम्मीच करावी. आणि गरम करायला उठाल तेव्हा घड्याळात तीन वाजून गेले असतील तर ओतून द्या.